क्लिप तुटतेय, पण दोष पट्टीचा नाही

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. कांदिवलीच्या गाळ्यात तुम्ही इलेक्ट्रिक पॅनेलच्या झाकणाची क्लिप बनवता. ईएन ४२ जे, म्हणजे ब्रिटिश नावाचं हाय कार्बन स्प्रिंग स्टील, त्याची ०.८ मि.मी. पट्टी, मऊ असतानाच ब्लँक करून, म्हणजे प्रेसवर सपाट आकार कापून, वाकवलेली. मग बाहेरून हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून कडक करणं आणि मग थोडं उतरवणं), रिपोर्टवर ५० एचआरसी, म्हणजे रॉकवेल सी मापाने कडकपणा, आणि शेवटी झिंक प्लेटिंग. तुमच्याकडे तपासणीत सगळा माल पास. ग्राहक क्लिप बसवतो, संध्याकाळपर्यंत ती शाबूत असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाखाली दोन तुकडे पडलेले. पट्टीवाला म्हणतो ईएन ४७, म्हणजे क्रोमियम-व्हॅनेडियम घातलेलं स्प्रिंग स्टील घ्या, महाग आहे पण तुटणार नाही. आणि तुम्ही विचारताय की हे हाय कार्बन स्प्रिंग स्टील मुळात असतं काय, कुठे चालतं, कुठे नाही, आणि पट्टी बदलायची का.

पट्टी बदलू नका. साकीनाक्याला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे तीसेक वर्षं काढली, त्यात 'मटेरियल खराब आहे' हे वाक्य रोज ऐकलं. दहातल्या आठ-नऊ वेळा मटेरियलने काही केलेलं नसायचं; जे काही केलं ते आपणच केलेलं असायचं.

आधी स्टीलबद्दल. घराच्या ग्रिलचं साधं लोखंड असतं त्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास. स्प्रिंगच्या हाय कार्बन पट्टीत तो साधारण ०.६ पासून १ टक्क्यापर्यंत जातो. तुमच्या ईएन ४२ जे मध्ये ०.८ च्या आगेमागे, थोडं मँगेनीज, थोडं सिलिकॉन, बस. अमेरिकन नावाने मागितलंत तर १०७४, १०८० ही त्याचीच भावंडं; १०९५ मध्ये कार्बन ०.९ ते १.०३. आकडा लहान दिसतो, पण सगळा खेळ त्याचाच. पट्टी ८००-८३० अंशांना लाल करून तेलात बुडवली की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि स्टील काचेसारखं कडक होतं. काचेसारखं म्हणजे खरोखर काचेसारखं: हातातून फरशीवर पडलं तरी तडकेल. म्हणून लगेच पुन्हा ३५०-४५० अंशांना तापवून ते थोडं उतरवायचं. गावाकडचा लोहार हेच करतो. कोयत्याला पाणी देतो, मग धारेवर रंग धावताना बघत पाणी उतरवतो. त्याला मार्टेन्साइट, म्हणजे त्या काचेसारख्या कडक रचनेचं नाव, माहीत नसतं, पण कुठे थांबायचं ते बरोबर माहीत असतं.

रंगावरून आठवलं. 'निळी पट्टी म्हणजे स्प्रिंग' असं मुंबईच्या नागदेवी बाजारातल्या दुकानांत सर्रास सांगतात. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो खरा, पण तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचा रंग आहे आणि तापमानाबरोबर वेळेवरही अवलंबून असतो. पॉलिश केलेली मऊ पट्टी तापवली तरी ती सुंदर निळी होते. रंग बघून माल घेऊ नका.

आता तुमच्या प्रश्नात लपलेला एक गैरसमज. तुम्ही लिहिलंय, 'क्लिपची पकड ढिली होती म्हणून आम्ही कडकपणा ४४ वरून ५० वर नेला.' इथेच गाडी रुळावरून घसरली. कडकपणा वाढवून स्प्रिंग ताठ होत नाही. पटत नसेल तर गाळ्यातच करून बघा. त्याच कॉइलच्या दोन पट्ट्या घ्या, २० मि.मी. रुंद, एक मऊ, एक हार्डन केलेली. दोन्ही वाइसमध्ये अशा पकडा की १०० मि.मी. बाहेर राहील. टोकाला अर्ध्या किलोचं वजन टांगा. दोन्ही पट्ट्या ९ मि.मी. च्या आसपास झुकतील, मऊ असो की कडक. आता वजन दोन किलो करा आणि काढून घ्या. कडक पट्टी परत सरळ होईल, मऊ पट्टी वाकडीच राहील. फरक एवढाच. कडकपणामुळे स्प्रिंग किती दूरवर जाऊन परत येऊ शकते ते ठरतं. किती जोर लावल्यावर किती झुकेल, हे मात्र स्टीलच्या इलॅस्टिक मॉड्युलसवर, म्हणजे त्याच्या अंगभूत ताठपणावर, आणि मापांवर ठरतं. आणि तो मॉड्युलस ईएन ४२ असो, ईएन ४७ असो की ग्रिलचं लोखंड असो, २०५ गिगापास्कलच्या आसपासच राहतो.

पकड वाढवायची तर जाडी बघा. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो. ०.८ ची पट्टी ०.८४ आली तर ताठपणा जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढतो, ०.७६ आली तर १४ टक्क्यांनी घटतो. तुमची पकड ढिली का झाली त्याचं उत्तर मायक्रोमीटर देईल, भट्टी नाही. गोल स्प्रिंगमध्ये तर तारेचा व्यास चौथ्या घाताने चालतो. ५ टक्के जाड तार म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त ताठ स्प्रिंग. म्हणून स्प्रिंगवाला खिशात पेन विसरेल, मायक्रोमीटर विसरणार नाही.

आणि त्या ५० एचआरसीवरही माझा फारसा विश्वास नाही. रॉकवेल सी म्हणजे १५० किलोचा भार हिऱ्याच्या टोकावर. ०.८ मि.मी. पट्टी या कडकपणाला त्यासाठी पातळ पडते. हिरा पट्टीबरोबर खालची एरणही मोजतो. तपासलेला तुकडा उलटा करून बघा, मागच्या बाजूला फुगवटा किंवा चकाकता ठिपका दिसला तर तो आकडा सोडून द्या. एवढ्या पातळ मालाला व्हिकर्स नाहीतर सुपरफिशियल रॉकवेल, म्हणजे कमी भाराची कडकपणा चाचणी, मागा. प्लेटिंग होणार असलेल्या क्लिपसाठी मी ४१० ते ४६० व्हिकर्स लिहून देईन, म्हणजे जुन्या भाषेत ४२ ते ४६ एचआरसी.

आता तुटण्याकडे येऊ. क्लिप बसवताना तुटत नाही, हातोडीच्या ठोक्याने तुटत नाही. बसवल्यावर गप्प बसून काही तासांनी आपोआप तुटते. तुटलेल्या जागी वाकल्याची खूण नाही, कट वाकणीच्या बाहेरच्या अंगाला. हे वर्णन वाचलं तेव्हाच मला वास आला: हायड्रोजन. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडमध्ये बुडवतात, गंज आणि भट्टीची पापडी काढायला. तिथे हायड्रोजन सुटतो. मग प्लेटिंगच्या टाकीत करंट लावला की झिंकबरोबर पुन्हा हायड्रोजन. हा अणू इतका लहान की लोखंडाच्या जाळीत सहज शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. पण ४० एचआरसीच्या वर गेलेल्या, ताणाखाली असलेल्या स्टीलमध्ये तो सर्वांत जास्त ताण असलेल्या जागी सरकत जातो, म्हणजे तुमच्या वाकणीच्या बाहेरच्या कातडीत, आणि तिथे सूक्ष्म तडा सुरू करतो. कडकपणा जितका जास्त, तितका हा रोग वाईट. ४४ ला तुमचा माल टिकत होता आणि ५० ला तुटायला लागला, ते उगाच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका वर्षी सर्क्लिपचा, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांचा, मोठा लॉट होता, कडकपणा ४८ च्या पुढे. प्लेटरने शनिवारी संध्याकाळी माल परत दिला. ओव्हन रिकामा होता, पण माणूस दादरला लग्नाला गेलेला, आणि मी म्हटलं सोमवारी बेक करू, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून हायड्रोजन बाहेर काढू, काय होतंय. सोमवारी आठ तास व्यवस्थित बेक केला, रिपोर्ट जोडला, माल पाठवला. गुरुवारी ग्राहकाने पिशवी माझ्या टेबलावर ओतली. अर्ध्या सर्क्लिप दोन तुकडे. बेकिंग केलं होतं, पण तडे आधीच पडून बसले होते. शनिवारचा एक आळस मला तीन महिन्यांच्या कमाईला पडला. दोष प्लेटरचा नव्हता, हे मान्य करायला मला आणखी एक महिना लागला.

तेव्हा तुमच्या प्लेटरला दोनच प्रश्न विचारा. टाकीतून बाहेर आल्यावर किती वेळात माल ओव्हनमध्ये जातो? आणि ओव्हनमध्ये किती वेळ राहतो? बेकिंग १९०-२२० अंशांना, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुरू झालं पाहिजे, एका तासात झालं तर सोन्याहून पिवळं. कडक मालाला आठ तास कमीत कमी, आणि तुमचा ५० वाला लॉट असेल तर रात्रभर धरून २४ तासही जास्त नाहीत. पॅसिव्हेशन, म्हणजे तो पिवळा किंवा निळसर थर, बेकिंगनंतर द्यायचा. आधी दिला तर उष्णतेने तो बिघडतो. प्लेटर कुरकुर करेल, कारण त्याला टाकीची लाइन तोडावी लागते. कुरकुर करू द्या, पैसे वाढवून द्या.

शंका असेल तर एक साधी चाचणी करा. त्याच हार्डनिंग लॉटमधल्या पन्नास क्लिप प्लेटिंगशिवाय बाजूला ठेवा, पन्नास प्लेटिंग करून घ्या. लाकडाच्या फळीवर खिळे किंवा स्क्रू मारून सगळ्या क्लिप प्रत्यक्ष कामात असतात तेवढ्याच उघडून अडकवा. चार-पाच दिवस फळीला हात लावू नका. फक्त प्लेटिंगवाल्या तुटल्या तर हायड्रोजन. दोन्ही गटांत तुटल्या तर भट्टीत किंवा प्रेसमध्ये शोधा. मेटलर्जीच्या लॅबला पैसे देण्याआधी ही फळी बोलेल.

प्रेसमध्ये काय शोधायचं? पट्टीला रोलिंगची दिशा असते, लाकडाला शिरा असतात तशी. वाकणीची रेघ त्या दिशेला आडवी हवी. कॉइलवर जास्त ब्लँक बसावेत म्हणून कोणीतरी टूल फिरवतं आणि वाकणी दिशेला समांतर येते. पट्टीत पैसे वाचतात, माल परत येतो. दुसरं, ब्लँकिंगची बर, म्हणजे कापताना कडेला राहणारी धारदार कोर, वाकणीच्या बाहेरच्या अंगाला येऊ देऊ नका, ती आतल्या बाजूला गेली पाहिजे. बाहेर राहिली तर प्रत्येक बर म्हणजे तयार तडा. आतली त्रिज्या पट्टीच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. आणि पट्टी घेताना स्फेरॉइडाइज अनील केलेली मागा; त्यात कार्बाइडचे बारीक गोळे झालेले असतात, त्यामुळे ती ब्लँकिंगला आणि वाकवायला सोपी जाते, टूलही टिकतं.

भट्टीत बघायची गोष्ट म्हणजे डिकार्ब. भट्टीतल्या हवेवर ताबा नसेल तर पट्टीच्या कातडीतला कार्बन जळून जातो. आत ०.८ टक्के, बाहेर जवळजवळ ग्रिलचं लोखंड. वाकणाऱ्या स्प्रिंगमध्ये सगळा ताण कातडीवरच असतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. त्यामुळे पाच शतांश मिलिमीटरची मऊ कातडीसुद्धा पातळ स्प्रिंगचं आयुष्य खाते. कानशीने घासून बघा: हार्डन झालेल्या, अजून टेम्पर न केलेल्या चांगल्या मालावर कानशी घसरते, डिकार्ब असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत धरते आणि मग घसरायला लागते.

ईएन ४७ बद्दल. त्यात कार्बन कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण क्रोमियम आणि व्हॅनेडियम असतं. त्याचा फायदा असा की जाड माल तेलात टाकला तरी गाभ्यापर्यंत कडक होतो, आणि जरा जास्त तापमानात काम करतो. साध्या कार्बन स्टीलची अडचणच ती: जाडी वाढली की मधला भाग कच्चा राहतो. पण ०.८ मि.मी. पट्टीला आत-बाहेर असं उरतंच किती? ती तेलात आरपार कडक होते. आणि हायड्रोजनला क्रोमियमची भीती नाही. ५० एचआरसीला ईएन ४७ सुद्धा तसंच तुटेल, फक्त महागात तुटेल. काही बदलायचंच असेल तर ऑस्टेम्परिंग करून बघा: तेलाऐवजी ३००-३७० अंशांच्या वितळलेल्या मिठात माल टाकून तिथेच धरायचा. बेनाइट नावाची रचना तयार होते, तेवढ्याच कडकपणाला ते जास्त चिवट असतं आणि पातळ क्लिप वाकड्या-तिकड्या होत नाहीत. प्लेटिंगऐवजी झिंक फ्लेकचा (झिंकच्या पापुद्र्यांचा) थर किंवा मेकॅनिकल प्लेटिंग (ढोलात घोळवून चढवलेलं झिंक) घेतलंत तर करंटही नाही आणि टाकीतला हायड्रोजनही जवळजवळ नाही. मात्र सफाई ॲसिड न वापरता शॉट (छर्रे मारून) किंवा व्हायब्रोने (दगडांत घोळवून) करा, नाहीतर दारातून काढलेलं खिडकीतून आत घेतल्यासारखं होईल.

हे स्टील कुठे चालतं याची यादी करायला बसलो तर रात्र पुरणार नाही. माझे वडील परळच्या गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. रिंगवर धाग्याने ओढला जाऊन मिनिटाला हजारो फेरे मारणारा नखाएवढा ट्रॅव्हलर असतो, इंग्रजी सी च्या आकाराचा. तो हाय कार्बन तारेचा. झिजलेले ट्रॅव्हलर ते खिशातून घरी आणायचे आणि आम्ही पोरं चुंबकाने त्यांची साखळी करायचो. कापूस विंचरणाऱ्या कार्डिंग मशीनचे तारेचे दातही याच जातीचे. आता गिरण्या गेल्या, पण दुकानाचं शटर वर ढकलताना जी मदत मिळते ती शटरच्या पाइपातल्या हाय कार्बन स्प्रिंगची. मोजपट्टी, पुट्टीची पाती, फीलर गेज, छपाईतली डॉक्टर ब्लेड, होज क्लिप, बँडसॉ, घड्याळाची जुनी चावीची स्प्रिंग, पावसाळ्यात उलटी होणाऱ्या छत्रीच्या काड्या, सतारीची पोलादी तार. सगळं एकाच घराण्यातलं.

तारेची कथा पट्टीपेक्षा वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त सुंदर. तिथे आधी कडक करून मग उतरवत नाहीत. तार लाल करून पाचशे-साडेपाचशे अंशांच्या वितळलेल्या शिशातून नेतात, म्हणजे आतली रचना अतिशय बारीक होते, आणि मग थंड अवस्थेत डायमधून ओढत ओढत बारीक करतात. ओढताना ती ताकद धरते. याला पेटंटिंग म्हणतात, कारण बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने १८५४ साली खरोखरच त्याचं पेटंट घेतलं होतं. नाव तेवढं राहिलं. १ मि.मी. ची म्युझिक वायर, म्हणजे अशी ओढलेली उत्तम प्रतीची तार, दर चौरस मिलिमीटरला २०० किलोहून जास्त भार घेते. तार जाड झाली की हा आकडा घसरतो, त्यामुळे ताकद विचारताना व्यास आधी सांगायचा. अशा तारेची स्प्रिंग वळल्यावर २००-२५० अंशांना अर्धा तास ठेवा, पुन्हा हार्डनिंग करायचं नसतं. एकाने केलं होतं माझ्याकडे येऊन, हट्टाने. तार ओढल्यामुळे आलेली सगळी ताकद त्याने भट्टीत ओतून दिली.

आपल्या फ्लायओव्हरच्या गर्डरमध्ये ताणून ठेवलेली सात तारांची स्ट्रँड, वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या केबलमधल्या तारा, ही त्याच ओढलेल्या हाय कार्बन तारेची थोरली भावंडं. पण लोकलच्या रुळाला स्लीपरवर धरून ठेवणारी वळलेली क्लिप बघितलीत, ती मात्र हाय कार्बन नाही. ती २०.६४ मि.मी. जाड सळईची, सिलिकॉन-मँगेनीज स्टीलची, एक क्लिप ८५० ते ११०० किलोने रूळ दाबते. बस-ट्रकच्या पाट्यांचंही तेच: कार्बन अर्ध्या-पाऊण टक्क्यात, वर सिलिकॉन किंवा क्रोमियम. जाडी आली की मिश्रधातू आला. त्या भंगार पाट्यांचे कोयते आणि विळ्या लोहार करतात, आणि त्या उत्तम होतात.

कुठे चालत नाही ते दोन वाक्यांत. १२० अंशांच्या वर सतत गरम जागी ओढलेली कार्बन तार हळूहळू बसते, तिथे क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-सिलिकॉन घ्या. आणि खाऱ्या हवेत उघडी राहणार असेल तर ३०१ स्टेनलेसची पट्टी घ्या, कारण गंजाचा एक खड्डा थकव्याच्या तड्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून पडणाऱ्या तड्याला, पुरेसा असतो.

यावरून एक मुंबईचं. जूनच्या आधी उघड्या कॉइलना तेल लावून गंजरोधक कागदात गुंडाळा, आणि लादीवर न ठेवता लाकडावर ठेवा. हार्डन केलेला माल प्लेटिंगला जाईपर्यंत चार दिवस पडून राहिला, गंजला, म्हणून प्लेटरने तो ॲसिडमध्ये दुप्पट वेळ ठेवला, ही साखळी मी दर पावसाळ्यात बघितली आहे. तुमचा बिघडलेला लॉट जुलैतला आहे असं तुम्हीच लिहिलंय.

तुटलेल्या क्लिप घेऊन या, एखाद्या संध्याकाळी. तुकडे पुसू नका, त्यांना तेल लावू नका, आणि मोह झाला तरी दोन तुकडे जोडून बघू नका; कड घासली की वाचण्यासारखं काही राहत नाही. प्रत्येक जोडी वेगळ्या कोरड्या कागदात गुंडाळा आणि वर लिहा, बसवल्यावर किती तासांनी तुटली.